कॅम्पर म्हणजे काय, हे मी तुला विचारले नाही

गजू,

तुला मी आजवर जे लिहिले ते सगळे कामाचे. "सातबारा तयार आहे, येऊन घेऊन जा." "बियाण्याची पावती जपून ठेव." "अक्काला बरे नाही, नेरला जाऊन ये." पोस्टकार्डे गेली, फोन आला, तरी माझ्या वाक्यांची लांबी वाढली नाही. तुला काही करायला न सांगणारे माझे हे पहिलेच लिखाण आहे.

तू गेल्याला आज सतरा दिवस झाले. तुझे गुण मी येथे मांडणार नाही. तेरवीला इतरांनी ते मांडले, आणि त्यांतले निम्मे तुझ्यात नव्हते. तुझ्या मेहुण्याने सांगितले की तू शांत स्वभावाचा होतास. मी मान हलवली. अशा वेळी मान हलवावी लागते. तू जन्मात शांत नव्हतास. तुझ्या बडबडीला कंटाळून मी एकदा तुला अर्ध्या रस्त्यात जीपमधून उतरवले होते, हे तुझ्या मेहुण्याला ठाऊक नसावे.

मला बोलायचे आहे ते जानेवारीतील त्या दुपारविषयी, आणि त्या दुपारी तू माझ्यासाठी जो शब्द वापरलास त्याविषयी. त्याचा अर्थ मी सात आठवडे कोणालाही विचारला नाही. तुला तर नाहीच.

तुझी प्राची मोबाइलवर खेळ खेळते हे मला कोणी सांगितले नव्हते. ते मी माझ्या कानांनी ऐकले. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मी दारव्ह्याहून जीपने आलो, गल्लीच्या तोंडाशी उतरलो आणि तुझ्या ओसरीवरून मुलीचा आवाज आला. "उठाव मले. लवकर उठाव. मी सरपटून राह्यली." मी चपला न काढता आत शिरलो. प्राची खाटेवर मांडी घालून बसली होती. कानांत तिचे ते यंत्र, हातात फोन. पलीकडे पुसदचा कोणी मुलगा होता. एकोणीस वर्षांची मुलगी परक्या मुलाला 'मला उठव' असे सबंध गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होती, आणि तू शेजारी बसून सुपारी कातरत होतास.

"हे काय चालले आहे?" मी विचारले.

"नॉक झाली ते," तू म्हणालास.

"म्हणजे?"

"म्हणजे पडली. मेली नाही. दादा, बैल बसला तर आपण त्याले पुरून टाकतो का? शेपटी पिळून उठवतोच न? तसं."

"बाबा, शेपटीचं नका सांगू," प्राची मान वर न करता म्हणाली.

त्या दिवशी तू मला आणखी बरेच शब्द सांगितलेस. मी ऐकत नाही असे दाखवत होतो. प्राची तुला सांगे, आणि तू ते आपल्या भाषेत वळवून जगाला सांगायचास. लूट म्हणजे लुटणे नव्हे. वेचणी आटोपल्यावर शेतात राहिलेले वेचून आणायचे, म्हणजे सरवा. लॅग म्हणजे इथे बोट दाबावे आणि तिथे गोळी उशिरा सुटावी. त्यावर तू म्हणालास, "बोंडअळी जाते, शेत मोकळं होते, मंग पंचनामा येते. तो लॅग." एएफके म्हणजे खेळात नाव आहे, पण माणूस जागेवर नाही. मी न राहवून म्हटले, "आमच्या कार्यालयात त्याला 'साहेब टेबलावर नाहीत' म्हणत." तुला तेवढेच हवे होते. "मंग तुमचं तहसील म्हणजे सगळंच एएफके," असे तू सुमनला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलेस. सुमन स्वयंपाकघरात हसली आणि लगेच गप्प झाली. मी तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. माझ्यासमोर ती गेली पंचवीस वर्षे हसलेली नाही.

हसलो मीही नाही. मी तुला अंगणात नेले आणि बजावले. माझे शब्द मला आठवतात, कारण मी शब्द मोजून वापरतो. मी म्हटले, "खेळू दे. पण मुलीचा आवाज गल्लीत जाता कामा नये. उद्या तिचे लग्न करायचे आहे. तू ऐकत नाहीस, लोक ऐकतात."

तू काही उत्तर दिले नाहीस. तू उत्तर दिले नाहीस की तुला पटले, असे मी नेहमी समजत आलो. हा माझा सोयीचा समज होता.

येथे दुसरी एक गोष्ट लिहिली पाहिजे. ती आपण दोघांनी कधी पुन्हा काढली नाही. बोंडअळीचे ते पहिले मोठे वर्ष. माझ्या निवृत्तीला थोडाच काळ राहिला होता. तू पिशवी भरून बोंडे घेऊन तहसीलला आलास. माझ्या टेबलावर एक बोंड अंगठ्याने फोडलेस आणि आतली गुलाबी अळी माझ्या फायलीवर पडली. मी म्हणालो, "अर्ज खिडकीवर मिळेल. रांगेत उभा राहा." तू रांगेत उभा राहिलास. दोन तासांनी तुझा नंबर आला तेव्हा तू माझ्या टेबलाशी येऊन "साहेब, अर्ज" म्हणालास. आजूबाजूचे हसले. मी अर्ज घेतला, शिक्का मारला, पोच दिली. भावाला रांग चुकवू दिली नाही याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला होता. आजही मी तेच करीन. परंतु तुला बसायला खुर्ची द्यायला कोणताही नियम आड येत नव्हता.

आता जानेवारी. या वर्षी भाव पडलेले होते. गावात घरोघरी कापूस पडून होता. माणसे ओसरीवर झोपत आणि कापूस घरात. तुझी मधली खोली खालपासून पत्र्यापर्यंत भरलेली होती. घरातल्या सगळ्यांच्या अंगाला खाज सुटली होती आणि सुमनच्या हातांवर चट्टे उठले होते. मध्येच भाव थोडा वर आला. तो टिकणार नाही हे मला दिसत होते. मी ओळखीचा व्यापारी गाठला, त्याची गाडी ठरवली आणि गाडीत बसून स्वतः तुझ्या दारात आलो. तू ओसरीवर अळीने खाल्लेला कापूस निवडत बसला होतास. गाडी पाहून तू उठलास आणि मधल्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलास.

"आज नाही, दादा."

"का?"

"नाही म्हणजे नाही. मार्चात पाहू."

"मार्चमध्ये भाव उतरेल. कारण सांग."

"कारण काय सांगायचं? माझा कापूस आहे."

व्यापारी माझ्याकडे पाहत होता. माझ्या शब्दावर तो गाडी घेऊन आला होता. मी म्हणू नये ते म्हणालो. मी म्हणालो की तुला शेती कधी कळली नाही, आता तर फक्त पोरीचे खेळ कळतात, आणि तिचे बोलणे शिकता शिकता तूही पोर झालास.

तू हातातला कापूस खाली ठेवलास. मग शांतपणे म्हणालास, आणि आयुष्यात एकदाच तू शांत होतास ते तेव्हा, "दादा, तू कॅम्पर आहे. पहिल्यापासून कॅम्परच राह्यला."

गाडीचा चालक फस्सकन हसला. त्याला अर्थ ठाऊक होता. व्यापाऱ्यानेही खाली पाहिले. त्या अंगणात तो शब्द न कळणारा मी एकटाच होतो, आणि तो कळत नाही हे दाखवण्याइतका मी मोठा नव्हतो. मी रिकाम्या गाडीत बसून परत गेलो.

त्यानंतर तुझे दोन फोन आले. पहिल्या वेळी मी फोन वाजू दिला. तुझी वहिनी म्हणाली, "उचला न. लहान आहे तो." मी वर्तमानपत्र वाचत राहिलो. दुसऱ्या वेळी तिने स्वतः उचलला. मी हाताने नाही म्हणून खूण केली. ती म्हणाली, "झोपले आहेत, भाऊजी." दुपारचे चार वाजले होते. मी दुपारी झोपत नाही हे तू लहानपणापासून जाणतोस. तू म्हणालास, "बरं, झोपू दे." हे तिने मला तू गेल्यावर सांगितले.

तिसरा फोन तुझा नव्हता.

मी तुझे शेवटचे काही सांगत नाही. सकाळी छातीत कळ आली, गाडी यायच्या आत संपले, एवढे सर्वांना ठाऊक आहे. मी पोहोचलो तेव्हा तुला ओसरीवर ठेवले होते. घरात जागा नव्हती. जागा कापसाने अडवली होती. तेव्हाही माझ्या मनात आले की जानेवारीत विकला असता तर तुला आत ठेवता आले असते. गजू, माझे मन असे आहे. मी ते लपवत नाही.

चौथ्या दिवशी प्राची माझ्यापुढे येऊन बसली. मी तुझ्या ओसरीवर येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी बसलेला होतो. ती म्हणाली, "मोठे बाबा, एक विचारायचं होतं. तुम्ही रागावसान."

"विचार."

"रविवारी आमची मॅच आहे. सोळा टीम आहेत. त्यातल्या आठ पुढं जातीन. आमच्या टीममधे चौघं आहोत अन् कॉल मी देते. कोणी कुठं जायचं, कवा थांबायचं, ते मी सांगते. नावं देऊन झाले, आता दुसरं कोणी घेता येत नाही. मी नाही बसली तर टीम बाहेर."

रविवार म्हणजे नववा दिवस. घर सुतकात, ओसरीवर पाहुणे, दहाव्याची तयारी. मी म्हणालो, "हे तू मला विचारतेस?"

"दुसऱ्या कोणाले विचारू? आता तुम्हीच मोठे."

"तुझ्या आईचे काय म्हणणे?"

"ते म्हणते, त्याइले विचार."

मी विचारले, "ही मॅच केव्हापासून चालू आहे?" तेव्हा तिने जे सांगितले ते मी तसेच उतरवतो. ती म्हणाली, "डिसेंबरपासून. दोन राउंड झाले. दोन्ही कापसातून खेळली."

"कापसातून म्हणजे?"

"मोठे बाबा, तुम्हीच म्हटलं होतं न बाबाले, आवाज गल्लीत नाही गेला पायजे म्हणून. मंग बाबानं यंदा सगळा कापूस त्या खोलीत भरला. खिडकीपाशी गुहेसारखी जागा केली, त्यात सतरंजी टाकली. आत कितीबी ओरडा, ओसरीवर ऐकू नाही येत. बाबानं बाहेर बसून पाह्यलं होतं. मले म्हणे, 'जोऱ्यात शिव्या दे.' मी देल्या. त्याइले नाही ऐकू आल्या." मग ती म्हणाली, "ते म्हणत, फायनल होईस्तोवर कापूस हालत नाही. दादाचं बी ऐकलं, तुयं बी ऐकलं."

मी उठून मधल्या खोलीत गेलो. तू ते कसे केलेस ते मला पाहायचे होते. खिडकीच्या बाजूने कापूस दाबून तू तीन बाजूंनी भिंती उभ्या केल्या होत्यास. वर बांबू आडवे टाकून त्यांवर गोणपाट आणि त्यावर पुन्हा कापूस. दारावर खडूने लिहिलेले होते, 'आत चार्जर नेऊ नये.' आगीचे भय तुला होते तर. मी त्या जागेत वाकून बसलो. बाहेर ओसरीवर दहा माणसे बोलत होती. मला एकाचाही शब्द ऐकू आला नाही.

माझी आज्ञा तू अशी पाळली होतीस. आणि ती पाळत होतास म्हणून मी तुला चारचौघांत मूर्ख ठरवले.

मी बाहेर आलो. प्राची तेथेच उभी होती. मी म्हणालो, "एक शब्द विचारतो. कॅम्पर म्हणजे काय?"

तिने ओढणीचे टोक बोटाला गुंडाळले. "कोणी म्हटलं तुम्हाले?"

"अर्थ सांग."

"कॅम्पर म्हणजे… जो एका जागी दडून बसते. खिडकीत नाही तर गवतात. समोरून कोणी आलं का मारते. पण स्वतः बाहेर येत नाही. टीममधलं कोणी पडलं तरी जागा सोडत नाही."

"हे चांगले म्हणून म्हणतात की वाईट म्हणून?"

"वाईटच म्हणून. मी खोटं नाही सांगत." नंतर ती म्हणाली, "पण मोठे बाबा, कॅम्पर लोक शेवटपर्यंत वाचतात."

तिने ते सांत्वन म्हणून सांगितले होते. मी साठी ओलांडलेला, आणि तू माझ्याआधी गेलेला. सांत्वन नीट लागले.

मी तिला त्याच वेळी होकार दिला नाही. माझा स्वभाव तुला माहीत आहे. फाइल एक रात्र ठेवल्याशिवाय मी सही करत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला एवढेच विचारले, "किती वेळ लागतो?" ती म्हणाली, "सहा डाव. साडेतीन घंटे." मी म्हणालो, "जेवणे झाल्यावर बस. दारापाशी मी आहे."

रविवारी मी मधल्या खोलीच्या दाराला पाठ लावून खुर्ची टाकली. ओसरीवर नेरहून आलेली आपली थोरली बहीण अक्का होती, तुझा मेहुणा होता, गावातली चार वडीलधारी माणसे होती. अर्धा तास बोलणे कापसाच्या भावावर चालले. मग अक्काने विचारलेच.

"पोट्टी कुठं गेली?"

"आत आहे."

"कापसात? कायले?"

"काम आहे."

"सुतकात कायचं काम?"

तुझा मेहुणा म्हणाला, "खेळून राह्यली असन. मोबाइल." आणि त्याने माझ्याकडे पाहिले. मी ते थांबवीन अशी त्याची अपेक्षा होती. दोन वर्षांपूर्वी ती रास्तही होती.

मी घसा साफ केला आणि सांगू लागलो. गजू, मी काय सांगितले ते तू ऐकायला हवे होतेस. मी म्हणालो, "हा सांघिक खेळ आहे. प्रत्येक संघात चार सदस्य असतात. सर्वांना एका मोठ्या भूप्रदेशात उतरवले जाते. तेथे साहित्य गोळा करावे लागते. त्यास लूट म्हणतात, परंतु ती चोरी नव्हे. सुरक्षित क्षेत्र क्रमाक्रमाने लहान होत जाते, त्यास झोन म्हणतात. झोनबाहेर राहणाऱ्याची प्रकृती ढासळते. सदस्य पडल्यास तो तात्काळ मृत समजला जात नाही. त्यास इतर सदस्य उठवू शकतात. या संघाची प्रमुख प्राची आहे. ती अनुपस्थित राहिल्यास इतर तिघांचे नुकसान होते. म्हणून मी तिला बसण्यास सांगितले आहे."

मेहुणा तोंड उघडे ठेवून पाहत राहिला. म्हाताऱ्यांपैकी एकाने "बरं" म्हटले. अक्का मात्र मांडीवरचा पदर सारखा करत म्हणाली, "मले काय सांगतं तू? मले माहीत हाय सगळं. झोन कितवा चालू हाय?"

मी तिच्याकडे पाहतच राहिलो.

"गजू सांगे न मले फोनवर. रोज सांजच्याले. कान दुखे माया. म्हणे, 'अक्का, आज पोट्टीनं एकटीनं तिघं पाडले.' मी म्हटलं, पाडू दे बापा." तिने डोळे पुसले. "तुले नाही सांगतलं का त्यानं?"

"नाही," मी म्हणालो.

"इचारलं असन का तू?"

मी उत्तर दिले नाही. मी उत्तर दिले नाही याचा अर्थ अक्काला बरोबर लागला.

तुझ्या मेहुण्याने आणखी एकदा प्रयत्न केला. बापाची राख थंड झाली नाही, लोक काय म्हणतील, वगैरे. मी म्हणालो, "लोकांना माझे नाव सांगा." तेवढ्यावर ते संपले. सुमन स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती. तिने अक्काला हळूच म्हटले, "त्याइले सांगा, पोरीनं सकाळपासून चहाबी नाही घेतला." मी उठून स्वतः पाण्याचा तांब्या आत नेला. प्राचीने माझ्याकडे पाहिले नाही. तिचा चेहरा फोनच्या उजेडात होता, केसांत कापूस होता, आणि ती बोलत होती. "थांबा. कोणीच हलू नका. आता नाही. आता नाही." ते 'आता नाही' अगदी तुझे होते. मी तांब्या ठेवला आणि बाहेर येऊन पुन्हा दाराला पाठ लावून बसलो.  

साडेतीन तासांनी ती बाहेर आली. ओसरीवर आता फक्त अक्का आणि मी होतो. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि म्हणाली, "नववा नंबर. आठ जातात."

"काय झाले?"

तिने सांगितले. शेवटच्या डावात झोन पुलाच्या पलीकडे गेला. पुसदचा मुलगा पुलावर नॉक झाला. समोरच्या टेकडीवर दोघे कॅम्प करून बसले होते. कव्हर नव्हते. तिने अकोल्याच्या मुलीला धूर करायला सांगितले आणि स्वतः उठवायला गेली. धूर विरला, त्याला उठवता उठवता ती पडली, मग तो पडला. मागे राहिली असती तर आठवा नंबर लागला असता.

"कॉल चुकला माया," ती म्हणाली. "जायचं नव्हतं."

अक्का म्हणाली, "गेली ते बरं केलं."

हे सर्व ती भराभर बोलत होती, आणि मधे एकदाही कोणत्या शब्दाचा अर्थ सांगायला थांबली नाही. तुझ्याशी बोलताना ती अशीच बोलत असावी. मला एकही शब्द अडला नाही. ती उठून आत गेल्यावर ते माझ्या लक्षात आले, आणि तेव्हा मात्र मी अक्कासमोर रडलो. तू गेल्यापासून प्रथमच. अक्काने आपला पदर माझ्या हातात दिला. 

आता आपल्या वादाविषयी. कापूस जानेवारीतच विकायला हवा होता, हे माझे मत कायम आहे. तेरवीनंतर तो गेला, आणि जानेवारीपेक्षा कमी भावाने गेला. मी बरोबर होतो. तू मला कारण सांगितले असतेस तरी मी 'विक' असेच म्हटले असते, आणि हे तू ओळखून होतास. म्हणूनच तू सांगितले नाहीस. तू मला ओळखण्यात चुकला नाहीस. मी तुला ओळखण्यात चुकलो. तू हट्टी आहेस असे मी समजत होतो. तू माझेच म्हणणे पाळत होतास, आणि तुझ्या मुलीचेही, आणि दोन्ही पाळण्याची जी किंमत होती ती एकटा देत होतास. त्याबद्दल तुझे आभार मानायला हवे होते. आपल्यात ती पद्धत नव्हती. ती माझ्यामुळे नव्हती.

कॅम्पर म्हणालास त्याचा मला राग नाही. शब्द बरोबर आहे. मी तो तपासून पाहिला.

परवा कापसाची गाडी भरली. मजुरांनी शेवटचे गाठोडे काढले तेव्हा प्राची मधल्या खोलीत जाऊन उभी राहिली. खोली रिकामी झाल्यावर फारच मोठी दिसत होती. ती सहज म्हणून काहीतरी बोलली आणि तिचा आवाज चारही भिंतींवर आपटून ओसरीवर आला. तीही दचकली.

"पावसाळ्यात अजून एक स्पर्धा आहे," ती मला म्हणाली. "पण आता इथं नाही जमत. बाहेर सगळं ऐकू येते."

मी म्हणालो, "दारव्ह्याला माझ्या घरी ये. पुढची खोली रिकामी आहे. नेटवर्क चांगले आहे."

"पुढची? ते तर रस्त्यावर आहे, मोठे बाबा. जीपवाले उभे राह्यतात समोर."

"राहतात."

"मी लय ओरडते. तुम्ही ऐकलं नाही अजून. साऱ्या रस्त्याले ऐकू जाईन."

मी म्हणालो, "जाऊ दे."